ओठांत टाचण्या

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी काही सांगू लागलं की त्या "हं" म्हणतात. हा हं होकाराचा नव्हे आणि नकाराचाही नव्हे. ऐकतेय, पुढे बोल, एवढाच त्याचा अर्थ. कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करून करून ही सवय लागली. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असतं, जाऊबाई जमिनीवर बसून त्याच्या पँटची दुमड धरत असतात आणि त्यांच्या ओठांत टाचण्या असतात. तोंड उघडलं तर टाचण्या सांडणार. मग गिऱ्हाईक म्हणतं लांब होतेय, हं. फार आखूड नको, हं. आज गारठा आहे, हं. परक्या देशात येऊन इथली भाषा मोडकीतोडकीच आली, तरी दुकानात इतकी वर्षं निभावलं ते या एका अक्षरावर. भाऊजी म्हणायचे, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हिने हंच म्हटलं. मी आपला हो समजून बसलो." त्यावरही जाऊबाई हं म्हणायच्या.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या वर आणि मी खाली. दुपारी त्या घरी आणलेलं काम घेऊन मशीनपाशी बसल्या की मी पोथी घेऊन वर जाते. मी वाचते, त्या शिवतात. मधूनमधून हं आला की मला कळतं, चित्त इकडे आहे.

गाठ त्यांना आंघोळीच्या वेळी हाताला लागली. मला सांगितलं तेही शिवणाच्याच भाषेत. "अगं, कोटाचं अस्तर आतल्या आत गोळा होतं ना, तसं काहीतरी झालंय डाव्या बाजूला." दुखत नव्हतं, म्हणून त्या गप्प होत्या. मीच मागे लागून त्यांना दवाखान्यात नेलं. मग तपासण्या झाल्या, सुईने तुकडा काढून झाला, आणि एके सकाळी डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. स्तनाचा कॅन्सर, हे शब्द मला ऐकू आले, पण कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलावेत तसे. जाऊबाई हं म्हणाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एका नवरीचा झगा आज द्यायचाय," आणि तशाच दुकानात गेल्या. मी घरी येऊन भात लावला. मी रोज वही लिहिते. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे, भात खाली लागला.

देवापुढे बसले, तर मागायला शब्द सापडेना. वात नीट केली आणि उठले. पुढचे कितीतरी दिवस माझं असंच चाललं होतं. जप व्हायचा, पण तो बोटांचा.

उपचार कुठे घ्यायचे, हा खरा घोर होता. जाऊबाईंच्या दुकानाचा विमा सर्दी-पडशापुरता. आमची नणंद रोज फोन करून सांगायची, सरळ इकडे या, आपल्याकडेही चांगली हॉस्पिटलं आहेत, माणसं आहेत, खर्चही कमी. तिचं खोटं नव्हतं. पण भाऊजींचे गुडघे गेल्यापासून दोघांचाही इथे राहण्याचा परवाना जाऊबाईंच्या नोकरीवर होता. त्या महिनोन्‌महिने तिकडे राहिल्या असत्या, तर नोकरी आणि परवाना दोन्ही गेलं असतं. मागे राहिलेलं घर कुणी बांधाबांध करून पाठवायचं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊजी रोज नणंदेला म्हणायचे, बघू.

आधी आम्ही एका खाजगी हॉस्पिटलात गेलो. बसायला सोफे होते, फुलदाणीत खरी फुलं होती. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळली न चाळली आणि पुढच्याच आठवड्यात पूर्ण स्तन काढून टाकू म्हणाले. आगाऊ भरायची रक्कम ऐकून भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. जिना उतरताना जाऊबाई पहिल्यांदाच त्या विषयावर काही बोलल्या. "माप न घेताच कात्री लावायला निघाला हा."

आमच्या समोरच्या दारात एक नर्सबाई राहतात, आपल्याच भाषेतल्या. त्यांना मी दूध आणताना गाठलं. त्या म्हणाल्या, किंमत मागाहून विचारा. हे सर्जन हीच ऑपरेशनं नेहमी करतात का, ते आधी विचारा. गाठीच्या तुकड्याच्या सगळ्या तपासण्या झाल्यात का, ते विचारा. आणि सर्जन, औषधवाले, किरणवाले असे सगळे एकत्र बसून ठरवतात, का एकटाच ठरवतो, हेही. शहराच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर जिथे शिकतात ते जुनं हॉस्पिटल आहे, तिथे हे सगळं होतं आणि आमच्यासारख्यांसाठी मदतनिधीही आहे, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाल्या, "भिंती बघू नका."

भिंतींचे पोपडे निघाले होते. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. एक जण उठला की सगळी रांग हलायची. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना तपासलं, तुकडा पुन्हा तपासायला मागवून घेतला आणि ऑपरेशनसाठी एक तारीख धरून ठेवली. मदतनिधीच्या खिडकीवरच्या बाईने कागद घेतले आणि विचारलं, उपचार संपेपर्यंत इथेच राहणार ना? भाऊजींना गप्प बसवेना. बहीण तिकडे बोलावतेय, बघू, असं ते म्हणून गेले. बाईने ते लिहून घेतलं. आमच्यात बघू म्हणजे विषय संपला, हे तिला कोण सांगणार.

तारखेच्या दिवशी आम्ही पिशवी भरून गेलो. गाऊन, टॉवेल, पोथी. आत नाव पुकारलं जाईना, म्हणून खिडकीपाशी गेलो. बाईने यादी पाहिली आणि म्हणाली, तुमची जागा सोडलीत ना तुम्ही, दुसरीला दिली. मदतनिधीची फाइलही बंद केली. कुणी सोडली, असं भाऊजींनी विचारलं. तिने जाऊबाईंकडे बोट केलं. "मी स्वतः फोन केला होता. मायदेशी जाताय का विचारलं, हो म्हणालात. जागा दुसऱ्या कुणाला देऊ का विचारलं, हो म्हणालात."

भाऊजी मटकन खुर्चीत बसले आणि सगळी रांग हलली. "अगं, काय बोलून बसलीस तू?" जाऊबाई म्हणाल्या, हं. माझ्या कानात तो हं राहिला. मी विचारलं, फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?

"एकाच्या कोटाची बाही लावत होते. मालकिणीनेच फोन माझ्या कानाला धरला. ती बाई भरभर बोलत होती. मला वाटलं, तारखेचंच सांगतेय."

"आणि टाचण्या?"

त्यांनी ओठांना बोट लावलं.

मी खिडकीवरच्या बाईला समजवायला लागले, पण टाचण्यांना इथल्या भाषेत काय म्हणतात तेच ऐनवेळी आठवेना. मागची माणसं चुळबुळ करू लागली. तेवढ्यात जाऊबाई पुढे झाल्या. त्यांच्या कॉलरला टाचण्या नेहमी असतातच. त्यातल्या काही काढून त्यांनी ओठांत धरल्या आणि काचेवर टकटक केलं. चेहरा तसाच, बटण लावताना असतो तसा. मी बाईला म्हटलं, आता विचारा.

"तुम्ही मायदेशी जाताय?"

"हं."

"जात नाही?"

"हं."

"तुम्हाला उपचार नकोत?"

"हं."

मागे कुणीतरी हसलं. बाईचं पेन थांबलं. जाऊबाईंनी एकेक टाचणी काढून परत कॉलरला लावली, घाई न करता. मग इथल्याच मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या, "मी जात नाही. मला इथे बरं व्हायचंय."

इतक्या वर्षांत "मला हे हवंय" असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही नसावं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पिशवी हातात घेतली, जणू कुणी निघायला सांगितलंय.

बाई आत गेली. बराच वेळ गेला. परत आली तेव्हा म्हणाली, फाइल पुन्हा उघडते, पण ऑपरेशनची जागा काही परत मिळायची नाही. जाऊबाईंनी विचारलं, ज्या बाईला मिळाली तिचं झालं का? झालं असेल, ती म्हणाली. "मग ठीक आहे," म्हणून जाऊबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. हातातल्या पिशवीच्या बंदाने वळ उठला होता, तेवढाच जाणवत होता.

नंतर सगळे डॉक्टर एकत्र बसले. पुन्हा मागवलेल्या तपासणीचं उत्तरही तोवर आलं होतं. त्यावरून त्यांचं ठरलं की जाऊबाईंच्या गाठीला आधी औषध द्यायचं, ती लहान झाली की मग कापायचं, कदाचित थोडंच. डॉक्टरीणबाईंनी हे सावकाश सांगितलं आणि म्हणाल्या, आता हो किंवा नाही म्हणा, दुसरं काही चालणार नाही. खिडकीवरची गोष्ट आतपर्यंत पोचली होती. जाऊबाई हो म्हणाल्या.

आता सलाइनमधून औषध सुरू आहे. केस गेले. चव गेली, मी केलेलं सगळं त्यांना कागदासारखं लागतं, त्या तसं सांगतात आणि खातात. मालकिणीने नोकरी ठेवलीय, सोपं काम घरी पाठवते. पण परवा माझ्या पडद्याची दुमड घालताना पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा त्यांना कळलं, बोटाला टाचणी टोचलीय. औषधाने बोटं बधिर होतात, नर्सबाई म्हणाल्या होत्या. जाऊबाई बोट उलटसुलट करून बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मी टाचण्या डबीत भरून वर फळीवर ठेवल्या. त्यांनी ठेवू दिल्या.

ऑपरेशन अजून व्हायचंय. दुपारची पोथी चालू आहे. काल मी वाचत होते आणि मशीनपासून हं येईना. मशीन बंद, ओठ रिकामे, डोळे खिडकीकडे. मला वाटलं चित्त इकडे नाही, म्हणून मी ओवी अर्धी सोडली आणि पानावर बोट ठेवून थांबले.

"थांबलीस का?" त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय. वाच."