निजलेली कळी

तिच्या तोंडाला सगळा चहामळा घाबरायचा. समोर सगळ्याजणी "मावशी, मावशी" करायच्या आणि पाठ वळली की "तोफ". तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. नवरा लवकर गेला, मुलाला तिनं पानं खुडून खुडून वाढवलं. तोंड शिवून बसली असती तर जमलं असतं का? खुडणाऱ्या बायकांच्या टोळीची ती म्होरकी होती, आणि वजनात आपली टोळी मागे पडली की तिला घास गोड लागत नसे.

त्या वर्षी उताराखालच्या तुकड्यानं दगा दिला. चहाला पाऊस हवा, पण तुंबलेलं पाणी सोसत नाही, आणि खालची माती पडली चिकट. त्यात थंडी काही हटेना. मुकादम म्हणाला, "मावशी, तिथली खुडणीची फेरी जरा लांबवा. पान येऊ द्या." ही कसली ऐकते! लवकर लवकर खुडलं तर जास्त पान मिळेल, म्हणून तिनं टोळी पुन्हा पुन्हा तिथंच घातली. झाडानं तरी काय करावं? फुटवे वाढायचेच थांबले. शेंड्यावर टोकदार कळी असायची, तिथं नुसता बारीक दाणा. अशा फुटव्याला मळ्यात सगळेच वांझ म्हणत.

घरीही तिची तीच तऱ्हा. सून तिच्याच टोळीत खुडायची. लग्नाला वर्षं लोटली, पाळणा हलला नव्हता, आणि महिना भरत आला की सासूचा प्रश्न ठरलेला, "काही आहे का गं?" सून नाही म्हणून मान हलवायची आणि भांड्यांकडे वळायची.

एका सकाळी त्या खालच्या तुकड्यात मावशीचा पारा चढला. "वांझ! ही वांझ, ती पण वांझ! उपटून फेका मेल्यांना!" ती ओरडली झुडपांवर, अगदी देवाशपथ झुडपांवरच. पण सगळ्यांचे हात थांबले. दोन झुडपं सोडून सून उभी होती.

सून पाठ वळवून खुडत राहिली. संध्याकाळी तिनं कपडे पिशवीत भरले. "आई, उद्या कामावरून आले की मी माहेरी जाते."

"परत कधी येशील?"

सुनेनं पिशवीची गाठ आवळली. मुलगा म्हणाला, "झालं समाधान?"

तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच! माफी मागायची तर जन्मात सवय नाही. पोरगी गुणाची होती हो, न सांगता सासूचे गुडघे चोळून देणारी. ती गेली तर हे घर खायला उठेल, हे मावशीला लख्ख कळत होतं.

सकाळी तिनं मुकादमाला गाठलं. "खालचा तुकडा सोडते. विसावू दे त्याला. माझंच चुकलं." मुकादमाला वाटलं, आपल्याच कानात काहीतरी बिघाड झालाय.

वरच्या ओळीत खुडताना पहिला दाणा दिसला आणि तोफ धडाडली, "निजलेली!"

"काय मावशी, जीभ घसरली का?" एकीनं विचारलं.

"काल घसरली होती. आज जागेवर आहे. माझ्या टोळीत यापुढे हाच शब्द. जुना कुणी काढलाच, तर तिची पाटी ओतून देईन. थकली की निजते कळी. आणि सारखं सारखं ओरबाडल्यावर कोण जागं राहील?"

कुणी हसलं नाही. सून झुडपावरची नजर न काढता म्हणाली, "आणि उठलीच नाही तर?"

मावशी सरकून तिच्या शेजारच्या झुडपाशी आली. एवढी तोफ, पण आवाज खाली आला.

"नाही उठली तर नाही उठली. झाड आपलंच आहे ना गं? त्याला काय कुणी टाकून देतं?"

सुनेनं बाहीनं डोळे पुसले आणि पुढच्या झुडपाला हात घातला. ओळ संपेपर्यंत दोघी शेजारी शेजारी खुडत राहिल्या.

संध्याकाळी पिशवी दाराशीच होती. जातेस का राहतेस, हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं सुनेनंच पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.