पत्र्यावरचा निळा डाग

लोणी भापकरच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बाईंनी वडिलांची समजूत काढली नसती, तर दहावीनंतर मेंढरांमागंच गेलो असतो.

आता मी भवानीनगरजवळच्या एका वस्तीवर शिकवतो. या हिवाळ्यात बाईंनी उष्णतेनं रंग बदलणारा कागद पाठवला. गार असताना काळा, ऊब लागली की तांबूस, मग हिरवा, शेवटी निळा. पोरांनी तळवे टेकवले. एकीचा पंजा उमटेचना.

"अगं, मेलीस का काय तू?" शेजारची म्हणाली. सगळे हसले.

मग पोरं तो कागद दिसेल तिथं लावू लागली. पहिलीच्या खोलीची मागची बाजू पत्र्याची, उत्तरेची. तिथं ऊन येतच नाही. सकाळच्या थंडीतही कागद तिथं हात न लावता हिरवा झाला. खाली सरकवला, तर निळा.

पत्र्यामागं गुऱ्हाळाच्या चिपाडांचा ढीग होता, अवकाळी पावसात भिजलेला. ओली चिपाडं दाबून रचली की आतून तापत जातात, कधी पेटही घेतात. पहिलीची मुलं त्याच पत्र्याला पाठ लावून बसायची. थंडीत त्या जागेसाठी त्यांची भांडणं व्हायची.

गुऱ्हाळ आबांचं, शाळेची जागाही त्यांचीच. मी त्यांना पारावर गाठलं.

"आबा, ढीग आतून तापलाय."

"वाफ हाय ती, गुरुजी. उकिरड्यातनं न्हाय का निघत?"

"पोरं बसतात तिथं."

"बसू द्या की, फुकाटची ऊब!" मग पारावरच्या माणसांकडं वळून म्हणाले, "कागदाला भ्यालं ओ गुरुजी!"

बाईंना आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याच आठवड्यात पत्र लिहिलं:

"बाईंना नमस्कार.

पहिलीच्या पत्र्यामागचा चिपाडांचा ढीग आतून तापल्याचं तुमच्या कागदानं दाखवलं, म्हणून पहिलीला मी ओसरीत हलवलंय. मुलं कुडकुडतात, पालक चिडलेत. कागद पत्र्यावर सरकवत पाहतो: काल निळा डाग माझ्या कमरेपर्यंत उमटत होता, आज खांद्यापर्यंत उमटतोय. खोलीत जळक्या गुळासारखा वास येतोय. ढीग उकरला तर हवा लागून भडकेल, म्हणून कुणाला हात लावू दिलेला नाही. उद्या शाळेला सुट्टी देऊन अग्निशमनची गाडी बोलावतोय. जागेचे मालक आबा म्हणाले, 'गाडी आली, तर जागा खाली करा.' खोली गेली तर ही मुलं कुठं बसतील, मला माहीत नाही. तरी बोलावतोय.

तुमचा विद्यार्थी"