लोणीच्या माळावरचं निसर्ग-शिबिर

लोणी काळभोर मागे टाकून सोलापूर रस्ता सोडला की आत आमच्या मंडळीची जमीन होती. कुणा निपुत्रिक सभासदाने मरताना चर्चला दिलेली. माळ, विहीर, चिंचेची झाडं आणि एक पत्र्याची शेड. माझ्या लहानपणी आम्ही उन्हाळ्यात हडपसरहून टेम्पोत बसून तिथे शिबिराला जायचो. खरं सांगायचं तर ती काही एदेन बाग नव्हती. भातात खडे, अंथरुणात विंचू, आणि पाळकसाहेबांचा उपदेश दुपारच्या उन्हापेक्षा लांब. पण त्याला 'निसर्गाचं सान्निध्य' म्हणायचा आगाऊपणा कुणी करत नसे.

मग हडपसरला आयटी आली. शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मंडळीतली मुलं अमेरिकेला जाऊन आली, आणि त्यांतलाच एक चर्चचा सेक्रेटरी झाला. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. पंचांच्या बैठकीत तो भिंतीवर स्लाइड दाखवायचा. त्यात देवही एका ओळीत उरकलेला असे. त्याला त्या माळात 'पोटेन्शियल' दिसलं. वर्षभरात तिथे कंपाउंड उठलं, लॉन अंथरलं गेलं, चिंचांवर इंग्रजी नावांच्या पाट्या ठोकल्या गेल्या. शेजारच्या वस्तीवरची गुरं आत येणं बंद झालं. आमच्या लोकांना निसर्ग हवा होता, शेण नको होतं.

पहिल्या शिबिराला मी आईला मंडळीच्या बसने घेऊन गेले. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार. बाबा गेल्यावर ती घराबाहेर फारशी पडत नसे. पण म्हणाली, "त्याच माळावर तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा बघितलं गं," आणि कडक इस्त्रीची साडी नेसून तयार.

विषय होता 'सृष्टी आणि सृष्टिकर्ता'. मोबाइल बंद ठेवायचे असं ठरलं होतं. पहिलं गीत संपायच्या आत निम्मी मंडळी पाण्याच्या टाकीवर चढून रेंज शोधत होती. खाली उरलेले मुंग्यांबद्दल तक्रार करत होते. जणू मुंग्यांनी नोंदणी न करता प्रवेश घेतला होता.

मोठ्या चिंचेवर आग्या मोहोळ होतं. ते काही लपलेलं नव्हतं. सकाळी त्याच्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले होते. आणि दुपारी सेक्रेटरीने बरोबर त्याच्याचखाली बार्बेक्यू मांडला, कारण सावली तिथे होती.

आई खुर्चीतून म्हणाली, "अरे, तिथं नको पेटवू. धूर वर जाईल."

"काकू, चिल!" तो हसून म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टरकडून पूर्ण पेस्ट कंट्रोल करून घेतलंय."

मधमाश्यांना हे कुणी कळवलं नसावं. धूर चढला आणि ते काळं पोळं एकदम सुटलं. पाळकसाहेब सर्वांत आधी बसमध्ये पोचले. इतकी चपळाई मी त्यांच्यात पूर्वी पाहिली नव्हती. मी स्वयंपाकघरात आईसाठी पाणी घ्यायला गेले होते. आरडाओरडा ऐकून दारात आले, तर आई लंगडत सेक्रेटरीच्या गाडीपाशी पोचली होती आणि काचेवर थापा मारत होती. तो आत बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. हात हलवून खूण केली, बसकडे जा. आणि काच होती तशीच बंद ठेवली.

मी सतरंजी ओढली, धावले, आईला खाली बसवून दोघींच्या अंगावर ती पांघरली. बाहेर गाडीचा एसी सुरू असल्याचं ऐकू येत होतं.

लोणीच्या दवाखान्यात तिच्या चेहऱ्यातून, मानेतून काटे काढले. एक डोळा पार मिटून गेला होता. तशा चेहऱ्याने ती पुढच्या रविवारी हट्टाने उपासनेला आली, आणि आमच्यासमोर सेक्रेटरीने उभं राहून साक्ष दिली, की त्या संकटात प्रभूने आपल्या एकाही लेकराला धक्का लागू दिला नाही. लोक 'हालेलूया' म्हणाले. काहींचे ओठ सुजलेले होते, तरी म्हणाले.

बाहेर पडताना तो समोर आला. "सलाम, काकू! बऱ्या आहात ना?"

"सलाम," आई म्हणाली. "तुला कुठं चावल्या नाहीत ना रे?"

"नाही नाही, मी एकदम सेफ!"

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "बरा टोमणा मारलास."

"टोमणा कसला? खरंच विचारलं मी."

त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

पोळं पुढे कॉन्ट्रॅक्टरने जाळून टाकलं. मंडळी पुन्हा तिकडे फिरकली नाही; जागा कंपन्यांच्या टीम-बिल्डिंगला भाड्याने जाऊ लागली. तिथे दोर ओढून लोक एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात म्हणे. सेक्रेटरी न्यू जर्सीला गेला आणि तिथल्या चर्चच्या कारभारी मंडळावर 'वडील' झाला.

आई असेपर्यंत आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज त्याचं नाव यायचं. मी बाकी सगळ्यांसाठी 'आमेन' म्हणायचे, त्याच्या नावाला तेवढी गप्प बसायचे. एकदा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तरी मी आमेन म्हटलं नाही.