दीपगृहाला लागलेली हळद

खेळण्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाळाचं वय काय, काकू?"

पहिलं वर्षभर मी खोटं बोलायचे. नातू नऊ वर्षांचा आहे, परवा वाढदिवस आहे, असं काहीतरी. मग दुकानदार नऊ वर्षांच्या मुलांचे डबे काढून समोर मांडायचा, आणि माझी नजर वरच्या फळीवरच्या मोठ्या खोक्यावर अडकलेली असायची. आता मी सरळ सांगते, "अडुसष्ट." दुकानदार हसतो. मी हसत नाही. मग तो मुकाट्याने स्टूल आणतो.

बाळांनो, हे सगळं तुमच्यामुळे सुरू झालं. तुम्ही दोघं मोशीच्या घरातून परत गेलात तेव्हा कॉटखाली ठोकळ्यांचा अग्निशामक बंब अर्धवट राहिला होता. चाकं एका पिशवीत, शिडी दुसऱ्या पिशवीत आणि माहितीपुस्तिकेवर आमरस सांडलेला. उचलून ठेवायला म्हणून मी वाकले आणि तिथेच फरशीवर बसले. भोसरीच्या कंपनीत तपासणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. अर्धी जुळलेली वस्तू समोर असताना मला चहासुद्धा गोड लागत नाही. संध्याकाळी बंब उभा राहिला. एक तुकडा उलटा लागला होता, म्हणून सगळी शिडी उतरवून पुन्हा लावली. आजोबा दारातून बघत म्हणाले, "पेन्शन मिळतंय म्हणून बरं. नाहीतर बालवाडीत नाव घालावं लागलं असतं."

आता माझ्याकडे चौदा संच आहेत. पाहुण्यांसाठी जपलेला काचेचा डिनर सेट माळ्यावर गेला आणि त्याच्या कपाटात माझे पूल, घरं आणि आगगाड्या आल्या. प्रत्येक संचाची वहीत नोंद आहे: कुठल्या दुकानातून आणला, जुळवायला किती दिवस लागले, कुठे चूक झाली. खोक्यातून जास्तीचे येणारे बारीक तुकडे मी जुन्या मिसळणाच्या डब्यात रंगांप्रमाणे ठेवते. मोहरीच्या वाटीत काळे, हळदीच्या वाटीत पिवळे. हळदीचं पुढे येणारच आहे.

दुकानं मी पुष्कळ पालथी घातली. मॉलमधल्या दुकानात एसी असतो आणि मुली फार गोड बोलतात, पण कुठल्या खोक्यात काय आहे ते त्यांना सांगता येत नाही. पिंपरीच्या बाजारातल्या दुकानात बाहुल्या आणि बॅटी टांगलेल्या असतात, त्यांच्यामधून डोकं वाचवत आत जावं लागतं. मला आवडतं ते पिंपळे गुरवमधलं, पहिल्या मजल्यावरचं. मी पहिल्यांदा तिथे खोकं घेतलं तेव्हा चारही कोपरे चाचपले, सील बघितलं, उजेडात धरून चिकटपट्टी पाहिली. दुकानदार म्हणाला, "काकू, नवीनच देतोय, जुनं नाही."

"नवीनच देताय हो. पण माल बघून घ्यायची सवय आहे."

तेव्हापासून मी गेले की तो स्वतःच खोकं माझ्या पुढ्यात चारी बाजूंनी फिरवतो.

यंदा गणपती झाल्यावर त्याने मोबाइलवर माझ्या दीपगृहाचा फोटो पाहिला. दीड हात उंच, पांढरं शुभ्र, वर लाल गच्ची आणि बटण दाबलं की लागणारा दिवा. जुळवायला मला बावीस दिवस लागले होते. त्याने फोटो मोठा करून दोनदा पाहिला. "एकटीनं केलं?" म्हणाला. "दिवाळीत आमच्या दर्शनी काचेत ठेवा की. लोक खोकं बघून घेत नाहीत, बनलेलं बघितलं की घेतात."

त्या रविवारी मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आठवतं का? ताई टाळ्या वाजवायला लागली. धाकटा मात्र विचार करून म्हणाला, "आजी, लोकांना वाटेल कंपनीनेच बनवून पाठवलंय. खूपच परफेक्ट आहे ते." कौतुकच होतं ते, पण मला टोचलं. बावीस दिवस मी बसायचं आणि नाव व्हायचं कुठल्यातरी कंपनीचं! मी दुकानदाराला सांगून ठेवलं, खाली कार्ड लावा, मोशीच्या आजींनी जुळवलं म्हणून. "लावू की," तो म्हणाला.

मग दसऱ्याआधीची खंडेनवमी आली. कंपनीत असताना त्या दिवशी मशिनी धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं आणि पेढे वाटायचे. निवृत्त झाल्यावर मी घरी माझ्या जुन्या व्हर्निअरची, म्हणजे माप घ्यायच्या अवजाराची, पूजा करते. यंदा पाटावर व्हर्निअरशेजारी दीपगृहही ठेवलं. तेही हातचंच काम. सवयीने बोट हळदीत बुडवलं आणि टेकवत गेले. पायरीला, दोन्ही खिडक्यांना, कठड्याखाली आणि दारावरच्या तुकड्याला. दारावर जरा दाबूनच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर कुंकू निघालं, हळद निघेना. ओल्या फडक्याने नाही, तेलाने नाही. घाबरून मी साबण लावला. पांढऱ्या साडीवरच्या हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. तरी लावला. पाच पिवळे ठिपके पाच लाल ठिपके झाले.

आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "तपासणी विभागातच होतीस ना?"

"तुम्ही पेपर वाचा."

साबण धुऊन टाकल्यावर डाग पुन्हा पिवळे झाले. हळदीवर उपाय एकच, ऊन. डाग लागलेले तुकडे मी काढून घेतले, ताटात मांडले आणि गच्चीवर ठेवले. कावळा उचलून नेईल म्हणून वर पोह्यांची चाळण उपडी घातली. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. रोज सकाळी ताट वर न्यायचं, दुपारी फिरवायचं, संध्याकाळी खाली आणायचं. दुकानात द्यायचा दिवस जवळ येत होता. आठव्या दिवशी चार तुकडे स्वच्छ झाले. दारावरचा मात्र नाही. त्यावर बोटाएवढी फिकट पिवळी छटा राहिलीच.

आजोबांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. "उलटा फिरवून लाव. आतली बाजू कोण बघतंय?"

बरोबर होतं त्यांचं. पण कंपनीत ओरखडा पडलेला भाग ट्रेमध्ये पालथा घालून माझ्यापुढे सरकवणारे कमी नव्हते, आणि मी प्रत्येक भाग उचलून खालची बाजू बघायचे. त्यावरून मला नावं ठेवणारेही कमी नव्हते. मी तो तुकडा होता तसाच, हळद पुढे ठेवून लावला. दीपगृह दुकानात नेलं तेव्हा वहीच्या कागदावर लिहून दिलं: दारावर एक डाग आहे, तो माझ्या हातून झाला आहे.

दुकानदार म्हणाला, "काकू, अजून एक खोकं आहे आत. त्यातला तुकडा काढून देऊ का?"

"आणि ज्या मुलाच्या घरी ते खोकं जाईल त्याचं काय?"

त्याने कागद घडी करून गल्ल्यात टाकला आणि दीपगृह काचेत ठेवलं.

वसुबारसेच्या दिवशी मी बघायला गेले. दर्शनी काच झेंडूने सजवली होती. मधोमध दीपगृह उभं होतं, वरचा दिवा लागलेला. माझं कार्ड मात्र सवलतीच्या मोठ्या पाटीमागे गेलं होतं. कोपरा तेवढा दिसत होता. मी गिऱ्हाईकासारखी बाजूला उभी राहिले. कॉलेजची दोन मुलं थांबली. एक म्हणाला, "भारी आहे राव." दुसरा म्हणाला, "डिस्प्ले पीस आहे भावा. कंपनी देते रेडी." आणि गेली. धाकट्या, मला तूच आठवलास.

आत जाऊन पाटी सरकवायला सांगावं की नाही, या विचारात होते, तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस वर आला. अंगावर चाकणच्या कंपनीचा निळा गणवेश, शिफ्ट संपवून तसाच आलेला. बोटाला सहा-सात वर्षांची मुलगी. ती काचेला नाक लावून उभी राहिली. तोही वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"अगं, हे बघ. हळद लागलीय ह्याला."

"कुठं पप्पा?"

"त्या दारावर. नवमीला आमी मशीनला लावतो तशी." मग त्याने आत आवाज दिला, "ओ शेठ, हे कंपनीचं न्हाई. हे हितंच कुणीतरी बनवलंय. कुणी ओ?"

दुकानदाराने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ह्या काय, उभ्या आहेत."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग दीपगृहाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. या वयात हे कशाला, असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "मावशी, कुठल्या कंपनीत होता?"

मी सांगितलं. "तपासणीला."

"तरीच!" तो हसला. "मग हा डाग पास कसा केला?"

"केला नाही. लिहून दिलाय. कागद गल्ल्यात आहे, विचारा."

दुकानदाराने खरंच कागद काढून दाखवला. त्या माणसाने तो उभ्याउभ्या पुरता वाचला आणि मुलीला म्हणाला, "बघ, ह्या आजींनी बनवलंय. सगळं."

मुलीने विचारलं, "आजी, दिवा तुम्हीच लावलात?" मी तिला आत, काचेच्या मागच्या बाजूला नेलं आणि तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. दिवा विझला, पुन्हा लागला. तिने सहा वेळा तेच केलं. दुकानदार स्टूल आणायला वळला आणि सवयीने विचारता झाला, "बाळाचं वय काय?" मग माझ्याकडे बघून स्वतःच हसला. या वेळी मीही हसले.

पाटी त्याने न सांगताच सरकवली. मोशीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि घरी येईपर्यंत मी ताठ बसले होते.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढच्या नवमीला पुन्हा हळद लावणार?"

लावणार. एकच बोट, दारावर, त्याच जागी.

आणि धाकट्या, तू म्हणालास ते दोघांना वाटलं. तिसऱ्याला नाही वाटलं.