इंदुताईचे तीन हात

घनश्याम भजी उभ्यानंच खायचा. खाटेवर बसला की पाय हलवायचा, खाट करकरायची. मोटारसायकल चालवताना मान मागे वळवून बोलायचा. खिशातला मापाचा टेप ओढायचा, सोडायचा. आर्णीच्या बाजारात ट्रॅक्टर उभा दिसला की वाकून टायरवरचे आकडे वाचायचा, मालक समोर असला तरी.

तो एकोणतीस वर्षांचा होता. आम्ही शाळेपासूनचे दोस्त.

त्याला केबिनचा छोटा ट्रॅक्टर हवा होता. हौस म्हणून नाही. मागच्या हंगामात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी करताना फकिरा, घरचा जुना गडी, औषधानं कोसळला. चार दिवस दवाखान्यात होता. तेव्हा घनश्याम म्हणाला, “माह्या वावरात आता कोनाच्या पाठीवर पंप दिसनार नाई.” बंद काचेआड बसून फवारायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

यवतमाळच्या शोरूमला आम्ही तीनदा गेलो. विक्रेता रोटाव्हेटर दाखवायचा, ट्रॉली दाखवायचा.

“ते राहू द्या. फवारणीचा बूम आन् तन काढाले डवरा. बस.”

“आणि टायर?”

इथं तो अडला. अरुंद टायर दोन ओळींमधून सहज जातो, पण पावसात काळ्या मातीत रुततो. रुंद टायर रुतत नाही, जागा जास्त घेतो. घनश्यामनं बाहेरच्या कडांपासून मोजलं. रुंद टायर लावून ट्रॅक्टर चार फूट भरला.

“आपल्या ओळी तीन हाताच्या. म्हंजे साडेचार फूट. बसते.”

रुंद टायर घेतले.

जुलैच्या शेवटी ट्रॅक्टर वावरात उतरला. दहा पावलांत दोन्ही बाजूंची पऱ्हाटी आडवी झाली. घनश्याम उडी मारून खाली आला. त्यानं टेप लावला. पावणेचार फूट.

“माय, तीन हात म्हनत होती ना तू?”

“तीनच हायेत,” इंदुताई म्हणाली. “दोरीच्या गाठी माह्याच हातानं मारल्या. तू झाला त्या साली.”

बी टोबण्याआधी वावरात ओळी आखायची दोरी त्याच्या आईनंच बांधली होती. तिनं कोपरापासून आपला हात त्याच्या हाताला लावला. तिची बोटं त्याच्या मनगटाच्या थोडीच पुढं पोचली.

“मी बुटकी हाय, तं मी काय करू? तुह्या टेपाले घरी काय झालतं?”

फकिरा म्हणाला, “टेप खिशात, आन् माप मायच्या हातचं!”

घनश्यामही हसला. मग शोरूमला फोन लावून त्यानं अरुंद टायर मागवले.

ते यायला बारा दिवस लागणार होते. पानांचा रस शोषणारे तुडतुडे थांबणार नव्हते. पानांच्या कडा लाल पडू लागल्या. तो बांधावर फेऱ्या मारायचा. शोरूमला दिवसातून चारदा फोन करायचा. मधल्या वेळात त्यानं ती दोरी खाली काढली. पुढच्या वर्षी ओळी टेपानंच पाडायच्या होत्या. आईची गाठ सोडायची, नवी मारायची. दोन गाठी झाल्या की तो उठायचा.

आठव्या दिवशी फकिरानं पंप उचलला.

“ठेव खाली.”

“एकदाचंच तं हाय, मालक.”

“एकदाचंच हाय, तं मीच मारतो.”

तोंडाला दुपट्टा बांधून त्यानं दुपारपर्यंत अठरा पंप मारले. वारा त्याच्या अंगावर येत होता. मी बांधावरच होतो. थांब, असं मी म्हटलं नाही.

संध्याकाळी त्याला मोबाईलवरची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो वारला.

टायर मागवल्यापासून बाराव्या दिवशी त्याच्या मोबाईलवर शोरूमचा फोन आला. मी उचलला. टायर आले होते.

दोरी ओसरीच्या खुंटीला आहे. पहिल्या अकरा गाठी साडेचार फुटांवर आहेत. बारावी त्यानं सोडली होती, नवी मारली नव्हती. तिथून पुढच्या सगळ्या इंदुताईच्या.