दारावरचा खिळा

आमच्या घरात दोन महिने लाइट जात-येत होती, ती मी ठोकलेल्या एका खिळ्यामुळे. दोष मात्र मी थोरल्या भावाच्या कामाला दिला. तोही घरात नाही, आमच्या गावच्या बुद्धविहारात, पन्नासेक माणसांसमोर, तो स्वतः मागे भिंतीला टेकून बसलेला असताना. तो खिळा मी विसरून गेलो होतो, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. खिळा मला पहिल्या दिवसापासून आठवत होता.

मी केजच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विद्युत परिपथाचा धडा आला की फळ्यावर सेल, बल्ब आणि कळ काढून वीज कशी जाते आणि कशी परत येते ते मुलांना समजावतो. भाऊ दहावीच्या पुढे गेला नाही. तेलगावला एका वायरमनच्या हाताखाली पाच-सहा वर्षं राहून तो काम शिकला आणि मग गावात परत आला. आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर कुणी घर बांधायला काढलं की लाइटचं काम त्याच्याकडेच यायचं.

माझं केजचं घरही त्यानेच केलं. स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली आम्ही मागाहून वाढवली, तोवर हॉलचा स्लॅब ओतून झाला होता, त्यात पाइप घालता येत नव्हता. म्हणून त्या दोन खोल्यांची लाइन त्याने हॉलच्या भिंतीतून, पुढच्या दाराच्या वरून आडवा पाइप घालून नेली. गिलावा करायच्या आधी भिंतीवर कोळशाने दोन रेघा ओढल्या, मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि मला पाठवले.

"मास्तर, हे जपून ठेव," तो म्हणाला. "दारावरच्या ह्या पट्ट्यात खिळा ठोकायचा न्हाई. कॅलेंडरचा बी न्हाई."

"मला शिकवतोस का, दादा?"

"शिकवत न्हाई बाबा. तू शिकलेला हाईस म्हणूनच सांगालोय. अडाणी मानूस इचारून तरी ठोकतो."

आम्ही दोघंही हसलो. ते फोटो मी जपून ठेवले नाहीत. मोबाइल बदलला तेव्हा गेले.

दुसऱ्या वर्षी आबा, म्हणजे आमचे वडील, वारले. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मरणाचा, कार्यक्रम माझ्याकडे ठेवला, कारण पाहुण्यांना केजला उतरणं सोपं होतं. आबांचा फोटो फ्रेम करून भाऊ गावाहून आणणार आणि थोरला म्हणून त्याच्याच हाताने तो लागणार, असं ठरलं होतं. पण त्याच्याकडचा फोटो लहान होता, रेशन कार्डासाठी काढलेला. माझ्या शाळेतले सहकारी येणार होते. मला तो फोटो कमीपणाचा वाटला. मी परस्पर दुसरा मोठा करून आणला आणि त्या सकाळी स्टुलावर चढून दाराच्या वर टांगायला घेतला, म्हणजे हॉलमध्ये बसणाऱ्यांना समोर दिसेल. हातात चार इंची खिळा होता. दोन घाव घट्ट बसले. तिसऱ्या घावाला आत काहीतरी पोकळ लागलं. ते माझ्या हाताला कळलं होतं. क्षणभर थांबलो, वर पाहिलं. पंखा फिरत होता. मी चौथा घाव घातला.

भाऊ तासाभराने आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम त्याच्या काखेत होती. भिंतीवरचा मोठा फोटो पाहून तो म्हणाला, "लावलास व्हय? बरं केलंस." आपली फ्रेम त्याने टेबलावर फुलांमागे उभी केली. खिळा फोटोच्या मागे होता, दिसत नव्हता.

महिनाभराने त्रास सुरू झाला. स्वयंपाकघरातला आणि मागच्या खोलीतला दिवा एकाएकी जायचा. हॉलमध्ये मात्र पंखा, टीव्ही सगळं चालू. दहा मिनिटांनी, कधी तासाने लाइट आपोआप यायची. फ्रिज सुरू झाला की दिवा मिणमिणायचा. बायकोचं मिक्सरमधलं वाटण अर्ध्यावर राहायचं. शेजारी विचारलं तर त्यांच्याकडे लाइट कधी गेलेलीच नसायची.

मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. होल्डर बदलला, एमसीबी बदलली, स्वयंपाकघरातला बोर्ड खोलून स्क्रू आवळले. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटायचा. वीज दोन्हीकडे आहे आणि दिवा मात्र लागत नाही. याचा अर्थ काय ते मला कळायला हवं होतं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला कळलं नाही.

बायको एकदा म्हणाली, "पुढचं दार आपटलं की लाइट येते. मी दोनदा बघितलं."

"दाराचा आणि लाइटचा काय संबंध?" मी म्हणालो. "शेजारणीला सांगू नकोस, हसेल."

ती पुन्हा त्याविषयी बोलली नाही. दार मात्र आपटत राहिली.

मग मी केजमधला एक वायरमन बोलावला. तो आला, एक बोर्ड खोलला, बंद केला. "आतले जॉइंट ढिले असतील. काम कुणी केलंय?"

"माझ्या भावाने."

"मग काय बोलायचं सर," असं म्हणून तो हसला आणि निघून गेला. ते हसणं मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो. दोष दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जात होता.

त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिताडात खिळाबिळा ठोकला का कुटं?"

"नाही."

"आबाचा फोटू कशाला टांगलाय मग?"

"चिकटवायचा हूक मिळतो ना, त्याला."

हे मी इतकं पटकन बोललो की माझं मलाच नवल वाटलं. तो म्हणाला, "मग माझ्याच हातचं काय तरी राहिलं असल. पेरणी उरकली की येतो, बगतो."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे वहिनीकडून कळलं की त्या आठवड्यात तो कागदावर माझ्या घराच्या वायरिंगचा नकाशा पुन्हा पुन्हा काढत होता आणि कुठला जॉइंट ढिला राहिला असेल ते आठवत होता.

आणि त्याच आठवड्यात गावात विहाराची बैठक झाली. विहाराची नवी इमारत उभी राहिली होती, लाइटचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं होतं. रविवारी दुपारी वंदना झाल्यावर सगळे तिथेच बसले. मी गावी आलो होतो. गावातला शिकलेला माणूस म्हणून मला पुढे बसवलं होतं.

समितीतले एक म्हातारे म्हणाले, "काम सरांच्या भावाला द्यावं, असं आमचं मत हाय. सर, तुमच्या घराचं त्यानंच केलंय. कसं हाय?"

मी "चांगलं आहे" म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण मला निःपक्ष दिसायचं होतं. भावाची बाजू न घेणारा माणूस म्हणून माझं नाव व्हावं, असं काहीतरी डोक्यात होतं. मी उभा राहिलो, शाळेत राहतो तसा.

"घरचा माणूस आहे म्हणून खोटं बोलणार नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे रोज लाइट जाते. इथे बायका-पोरं बसणार. विहारात धोका नको."

"आरं तिच्या, घरच्या मास्तरनंच नापास केलं की बे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. मी मागे पाहिलं. भाऊ खाली मान घालून चटईची एक काडी सोलत होता.

पुढच्या रविवारी तो न बोलावता माझ्याकडे आला. पिशवीत टेस्टर, पक्कड आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब होता. पाणी पिऊन झाल्यावर त्याने आधी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, लाइट कवा जाती आन् कवा येती, ते तू सांग."

ती माझ्याकडे बघत चाचरत म्हणाली, "दादा, दार आपटलं की येते."

तो हसला नाही. उठला आणि त्याने दार आपटलं. स्वयंपाकघरातला दिवा गेला. पुन्हा आपटलं. आला. "बरोबर बगितलंस बाई," तो म्हणाला.

आणखी एकदा दार आपटून त्याने दिवा घालवला आणि बल्बची एक वायर स्वयंपाकघरातल्या फेजला लावली आणि दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला. मग दुसरी वायर न्यूट्रलला लावली. पेटला नाही. "जायची वाट चांगली हाय, परत यायची तुटलीय. म्हणून टेस्टर दोन्हीकडं पेटतोय," तो म्हणाला. फळ्यावर मी मुलांना जे शिकवतो तेच. मग तो लाइनच्या मधोमध आला. दाराच्या अलीकडचा बॉक्स खोलला, तिथे बल्ब पेटला. दाराच्या पलीकडचा खोलला, तिथे नाही. त्याने केलेला एकेक जॉइंट ओढून पाहिला. सगळे घट्ट होते.

आता राहिली होती फक्त दारावरची भिंत.

त्याने मेन बंद केला. स्टुलावर चढला, आबांचा फोटो दोन्ही हातांनी उतरवून माझ्या बायकोकडे दिला. मागे खिळा होता. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग मागे वळून न बघता म्हणाला, "हूक कुटाय?"

"पडला होता, मग..." मी म्हणालो.

"बरं."

गिलावा फोडून त्याने पाइप उघडा केला. खिळा पाइपात घुसून न्यूट्रलची वायर चिरत गेला होता. एक-दोन तारा तेवढ्या अडकून राहिल्या होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. दार आपटलं की त्या टेकायच्या, नाहीतर सुटायच्या. घर कधी पेटलं असतं ते सांगता आलं नसतं. त्याने नवी वायर ओढली, भिंत बुजवली, फोटो दुसऱ्या भिंतीवर लावला. बायको ताट वाढते म्हणाली, तर तो गाडीची वेळ झाली म्हणाला. चपला घालताना एवढंच बोलला, "अजून काम कुणाला दिलं न्हाई. विहारातल्या लोकायला तेवढं सांगशील."

"सांगतो," मी म्हणालो. "येत्या रविवारी येतो."

त्या रविवारी मी गेलो नाही. पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारपर्यंत विहाराचं काम केजच्या माणसाला दिल्याचं कळलं, आणि आता सांगून काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत घातली. फोन करता आला असता. समितीतल्या म्हाताऱ्यांचा नंबर माझ्याकडे होता.

गावातल्या लोकांनी भावाला बोलावणं हळूहळू बंद केलं. वहिनी मला एकदाच म्हणाली, आणि तेही भांडायला नव्हे. "लोक म्हनत्यात, सख्ख्या भावाचं घर नीट करता आलं न्हाई. आमी काय सांगावं भावजी?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठलो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

वर्षभरात भावाने पक्कड-टेस्टर ठेवून दिले आणि दुसऱ्याची जीप चालवायला घेतली, केज ते तेलगाव. शाळा सुटल्यावर मला तो स्टँडजवळ दिसायचा. "चला, तेलगाव, तेलगाव," असं ओरडत असायचा. मी एसटीच्या आडून जायचो. एके दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरने मला पाहिलं आणि हाक मारली, "ओ सर, बसा की भावाच्या जीपात! भिऊ नका, हिची वायरिंग त्यानं केली न्हाई!"

सगळे ड्रायव्हर हसले. भाऊही त्यांच्यात हसला. लोक चेष्टा करतात तेव्हा हसून घ्यायचं, हे तो वर्षभरात शिकला होता. मला ते बघवलं नाही.

पौर्णिमेला मी गावी गेलो. वंदना संपल्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खिळा, फोटो, तिसऱ्या घावाला लागलेली पोकळी, भावाने शोधलेला दोष. कुणी हसलं नाही. समितीतले म्हातारे म्हणाले, "मग वरीसभर कावून गप ऱ्हायलात सर? आमी त्या मानसाला काय काय बोललो." "बैठकीच्या वेळी खिळा आठवलाच नाही," मी म्हणालो. विहारातले पंखे दुसऱ्या कुणाच्या हातच्या वायरींवर नीट फिरत होते.

भाऊ उठून बाहेर गेला. मी मागे गेलो. तो जीपचं दार उघडून उभा होता.

"लोकायला सांगितलंस, बरं झालं," तो म्हणाला. "पर लोकायला खिळ्याचं सांगितलंस. हुकाचं न्हाई सांगितलंस."

मी त्याच्या पायांना हात लावायला वाकलो, तर तो मागे सरला. "ते नको. बोल."

"दादा, फोनवर तू विचारलंस तेव्हा खिळा मला माहीत होता. हूक कधी नव्हताच. मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि तू माझं खरं मानून स्वतःच्या हातात चूक शोधत बसलास. तुझं काम मी घालवलं. चुकलो दादा, मला माफ कर."