खिडकीवरची चिठ्ठी

मी डूख धरते. घरातले सांगत असतात, मीही नाकारत नाही.

बसवनगुडीहून बसने मी सरकारी कारखान्यात जायची. यंत्रांची ड्रॉइंग ठेवायच्या खोलीची खिडकी माझ्याकडे होती. नोकरी तात्पुरती, वडील अंथरुणाला खिळलेले. मी कायम झाले तरच घर चालणार होतं.

एकदा पुण्याकडचे एक साहेब आले आणि ड्रॉइंग उचलून निघाले. मी वहीत सही मागितली. "अहो बाई, मला ओळखत नाही का?" ओळखत होते, म्हणून सहीशिवाय जाऊ दिलं. ड्रॉइंग परत आलं नाही, आणि चौकशीत हे गृहस्थ सरळ म्हणाले, "मी नेलंच नाही." माझं कायम होणं वर्षभर लांबलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मोठ्या साहेबांनी पद्धत बदलायची ठरवली. एक सूचना अशी, की फोटोचा पास दाखवायचा आणि हवं ते न्यायचं. ही अर्थातच त्या साहेबांची. दुसरी अशी, की ड्रॉइंग ज्या विभागाचं, तिथल्या प्रमुखाच्या सहीची चिठ्ठी आणायची. खिडकीवर मी बसते म्हणून मलाही विचारलं.

मी म्हटलं, "फोटोवरून माणूस कोण ते कळतं, सर. त्याला काय न्यायची मुभा आहे, ते कुठे कळतं?"

"सरी," मोठे साहेब कानडीत म्हणाले, "ठीक आहे, दोन्ही लागतील." माझ्या डोक्यात काय शिजत होतं, ते त्यांना काय ठाऊक.

चार महिने मी वाट बघितली. दिल्लीचे पाहुणे आले त्या दिवशी ते साहेब धापा टाकत खिडकीशी आले. दुसऱ्या विभागाचं ड्रॉइंग हवं होतं. पास होता, चिठ्ठी नव्हती. मागे रांग होती.

"पाहुणे खोळंबलेत, बाई. मला ओळखत नाही का?"

"ओळखते ना. मागचं ड्रॉइंग तुम्हीच नेलं होतं."

"अहो, ते माझ्या कपाटात आहे, उद्या देतो. आधी हे द्या."

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी जुनी वही उघडून पुढे सरकवली. "तेवढं लिहून सही करा, सर."

घाईघाईने लिहिलं त्यांनी, सहीही केली. त्या महिन्यात मी कायम झाले ती त्या सहीमुळे. पण खरा आनंद त्याचा नव्हता. शाई वाळू दिली, वही मिटली आणि हात पुढे केला.

"आता चिठ्ठी आणा."